महामारीत प्रार्थनास्थळं बंद करणं हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे का?

कधी आहे, कधी नाही. सरसकट 'हो' म्हणायला मी तयार नाही.

श्रद्धेला सरकार हात लावू शकत नाही, पण माणसं जमवून ती आचरण्यावर बंधन येऊ शकतं. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६च्या आंतरराष्ट्रीय कराराचं १८वं कलम हेच सांगतं: सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध चालतील, पण कायद्यानं घातलेले आणि गरजेपुरतेच. भांडण होतं ते गरज किती, यावरून.

माझ्या मते धोका मोजावा, दारावरची पाटी वाचू नये. मार्च २०२०मध्ये अमेरिकेतल्या स्कॅगिट काउंटीत एका गायकवृंदाची तालीम चर्चमध्ये झाली. हजर ६१ जण. त्यातले ५३ आजारी पडले, दोघं दगावले. प्रार्थनासभा नव्हती बरं का ती! बंद जागा, अडीच तास आणि खुल्या गळ्यानं गाणं, एवढं पुरलं. तेव्हा समूहगान थांबवा म्हटलं की लगेच त्यात धर्मद्वेष शोधू नये. मात्र दुकानं उघडी आणि प्रार्थनेलाच कुलूप, असं झालं तर जाब विचारलाच पाहिजे. जर्मनीत एका मुस्लिम संघटनेनं तो विचारला. मास्क, जमिनीवर खुणा, जास्तीचं अंतर, सगळं मान्य करूनही शुक्रवारच्या नमाजाला परवानगी मिळेना. २९ एप्रिल २०२० रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सांगितलं की बंदी घालता येईल, पण त्या त्या ठिकाणची परिस्थिती पाहून सूट देण्याची वाटच बंद करता येणार नाही. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो.

अंत्यसंस्काराचा प्रश्न याहून नाजूक, कारण तो पुढे ढकलता येत नाही. श्रीलंकेनं एप्रिल २०२०पासून कोविडनं गेलेल्या प्रत्येकाचं दहन सक्तीचं केलं. दफनही सुरक्षितपणे करता येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. तरी मुस्लिम कुटुंबांना फेब्रुवारी २०२१पर्यंत ते करू दिलं नाही. पुढे २०२४मध्ये सरकारनं माफी मागितली. माझ्या लेखी हा उघड घाला होता. याउलट पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलात मृतदेहाला स्पर्श केल्यानं खरोखरच संसर्ग पसरत होता. तरी २०१४मध्ये आरोग्य संघटनेनं धार्मिक संस्थांना सोबत घेऊन दफनाची पद्धत ठरवली: मुस्लिम मृतांना पाण्यानं आंघोळ घालण्याऐवजी कोरडं शुद्धीकरण, तेही संरक्षक पोशाखातल्या माणसाकडून, आणि घरच्यांना प्रार्थनेची मुभा.