'प्रेझ द लॉर्ड' या गाण्यात अमेरिकन रॅपर एसॅप रॉकीसोबतचा दुसरा आवाज कोणाचा आहे? हा स्केप्टा नक्की कोण?

तो स्केप्टाच. आणि नुसता आवाज नाही, त्या गाण्याचं संगीतही त्याचं आहे. मागे सुरुवातीपासून बासरीसारखी जी धून फिरत राहते ना, ती त्याचीच करामत. तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात विचारलंय की रॉकीने एका नवख्या ब्रिटिश पोराला चान्स दिला का. नवखा कसला! २०१८ मध्ये हे गाणं आलं तेव्हा स्केप्टा पस्तिशीचा होता आणि ग्राइम या लंडनच्या जलद रॅप-संगीतात त्याची हयात गेली होती.

खरं नाव जोसेफ ज्युनियर अडेनुगा. जन्म १९८२ चा, लहानपण उत्तर लंडनच्या टॉटनहॅममध्ये, मेरिडियन वॉक नावाच्या कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या, वसाहतीत. आईवडील नायजेरियाचे. चार भावंडांत हा थोरला. पाठचा जेमी म्हणजे रॅपर जेएमई, बहीण ज्युली रेडिओवरची गाजलेली निवेदिका, आणि शेंडेफळ जेसनही संगीतातच. एका साध्या घरातून चौघंच्या चौघं याच धंद्यात आली, आणि माझ्या मते स्केप्टाची सगळी कारकीर्द समजून घ्यायची किल्ली या घरातच आहे. ती पुढे येईलच.

आता ग्राइम म्हणजे काय ते थोडक्यात, कारण लोक त्याला सरसकट 'ब्रिटिश हिपहॉप' म्हणतात आणि ग्राइमवाल्यांना ते अजिबात खपत नाही. २००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पूर्व लंडनच्या बो भागात हे जन्माला आलं. यूके गॅराज, जंगल आणि जमैकन डान्सहॉल हे नाचाच्या संगीताचे प्रकार ही त्याची मूळ घराणी. वेग मिनिटाला साधारण १४० ठोके, म्हणजे नेहमीच्या अमेरिकन रॅपपेक्षा बराच जलद. वाजायचं कुठे? विनापरवाना रेडिओवर. उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायचा, कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये स्टुडिओ थाटायचा, आणि पोरांनी एकाच माइकवर आळीपाळीने तुटून पडायचं. सरकारी माणसं येऊन सामान जप्त करून न्यायची. हे छापे ज्या खात्याचे असत ते व्यापार आणि उद्योग खातं, म्हणजे डीटीआय. स्केप्टाच्या सुरुवातीच्या एका ट्रॅकचं नावच 'डीटीआय' आहे!

हो, ट्रॅकच, म्हणजे नुसतं संगीत. कारण तो मुळात रॅपर नाही. आधी मेरिडियन क्रूचा डीजे, मग संगीत बांधणारा, आणि माइक हातात आला तो त्यानंतर. काही काळ ग्राइमच्या आद्य कलाकारांतल्या वाइलीच्या रोल डीप या कंपूत होता. २००६ मध्ये 'लॉर्ड ऑफ द माइक्स' या रॅपच्या जुगलबंद्यांच्या व्हिडिओ-मालिकेत डेव्हिलमन नावाच्या बर्मिंगहॅमच्या एमसीशी, म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्याशी, त्याची जुंपली, ती आजही लोक शोधून बघतात. जागा कुठली, तर जॅमर या कलाकाराच्या घराचं तळघर. भिंतींवर मार्करने खरडलेली नावं, माणसं एकमेकांच्या अंगावर, आणि दोघं तोंडासमोर तोंड आणून एकमेकांची लक्तरं काढताहेत. आपल्याकडचा कलगीतुरा आठवा, फक्त अध्यात्म वजा करून.

त्याच सुमारास जेएमईसोबत 'बॉय बेटर नो' सुरू झालं. लेबल, कंपू, टी-शर्टचा धंदा, सगळं एकातच. सीडी स्वतः काढायच्या, स्वतः विकायच्या. घर म्हटलं ते यासाठी. पुढे जे काही झालं त्याला आधार होता तो याचा.

मध्ये एक पडीक काळ आला. ग्राइमच्या कार्यक्रमांना लंडन पोलीस 'फॉर्म ६९६' भरायला लावत. कलाकारांची नावं-पत्ते मागत, आधीच्या मसुद्यात तर प्रेक्षक कुठल्या वंशाचे असतील हेही विचारलेलं होतं. कितीतरी कार्यक्रम यातच गारद झाले. (तो फॉर्म २०१७ च्या शेवटी रद्द झाला.) मग बऱ्याच जणांनी क्लबमध्ये नाचण्याजोगी पॉप गाणी केली, स्केप्टानेही केली. २०११ चा 'डूइन इट अगेन' हा अल्बम त्यातलाच. मला तो कंटाळवाणा वाटतो, दुसरा शब्द नाही. पुढच्या वर्षी त्याने यूट्यूबवर एक लांबलचक व्हिडिओ टाकला. त्यात गाणंबिणं काही नाही, कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या मनातली घुसमट बोलतोय. गाण्यांआधी तो बघितलात तरी चालेल.

२०१४ मध्ये जेएमईसोबत 'दॅट्स नॉट मी' आलं. जुन्या ग्राइमचा तोच करकरीत आवाज, आणि शब्द असे की महागड्या ब्रँडचे कपडे घालायचो, सगळे कचऱ्यात टाकले, तो मी नव्हेच. व्हिडिओचा खर्च ८० पौंड. त्याला कृष्णवर्णीय परंपरेतल्या संगीतासाठीच्या ब्रिटनमधल्या मोबो पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट व्हिडिओचा मान मिळाला.

२०१५ च्या ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटिश संगीत-पुरस्कार सोहळ्यात अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने मंचावर काळ्या कपड्यांतली ग्राइमची फौजच उभी केली, त्यात स्केप्टाही होता. टीव्हीवर बघणारे काही जण बिचकले. स्केप्टाने काय करावं? 'शटडाउन' या गाण्याच्या मध्यावर एका बाईच्या शिष्ट आवाजात तसली तक्रारच वाचून दाखवली, आणि लगेच बीट परत आदळवला. यापेक्षा झकास उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

पुढच्या वर्षी 'कोनिचिवा' अल्बम आला, बॉय बेटर नोवरच. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश-आयरिश अल्बमचा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. स्पर्धेत डेव्हिड बोवीचा शेवटचा अल्बम होता, रेडिओहेड होते, ग्राइमचाच केनो होता. नाव पुकारल्यावर हा आईवडिलांना आणि दोस्तांना घेऊनच मंचावर गेला. लोक याला एकट्या बंडखोराचा विजय म्हणतात, ते मला पटत नाही. मोठ्या कंपन्यांना नाही म्हणायला स्वतःचं दुकान असावं लागतं, आणि ते या भावांनी दहा वर्षं आधीच मांडून ठेवलं होतं.

त्यानंतर ब्रिटिश सरकारचा एमबीई किताब नाकारल्याचं त्याने गाण्यातच सांगून टाकलं, पण २०१८ मध्ये नायजेरियाच्या ओगुन राज्यात वडिलांच्या मुलखात मिळालेली सरदारकी मात्र आनंदाने घेतली. सगळंच गोड आहे असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला एका गाण्याच्या चित्रावरून ज्यूंच्या छळछावण्यांची आठवण होते अशी टीका झाली, आणि ते चित्र त्याला मागे घ्यावं लागलं. हल्ली तो हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीतातही रमतो.

ऐकायचं तर आधी 'दॅट्स नॉट मी', मग 'शटडाउन', मग 'कोनिचिवा' सलग. आवडलं तर मागे २००९ च्या 'मायक्रोफोन चॅम्पियन'कडे जा. तो ओबडधोबड आहे, पण मला तोच जास्त जवळचा. आणि हेडफोन लावाच. मोबाइलच्या स्पीकरवर खालचा बेस गायब होतो आणि मग नुसता आरडाओरडा ऐकू येतो.