चिठ्ठी फाडणारी मॅडी

“मॅडम, ही सारखी तसलीच पुस्तकं वाचते. कुणाला तरी चिडवतात, वाळीत टाकतात, रडवतात. हिला शाळेत कुणी त्रास देत असेल का? की वाचून वाचूनच डोक्यात भरतंय? पुस्तकं बंद करू का?”

शब्द थोडेफार वेगळे, पण हा प्रश्न मुलांची समुपदेशक म्हणून मला इतक्या आयांनी आणि काही बाबांनीही विचारलाय, की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी सईबद्दल सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

सई आठवीत, पुण्यात. डबा अर्धा परत यायचा, रविवारी संध्याकाळ झाली की पोट दुखायचं. वर्गात हिलाच कुणीतरी छळतंय, याबद्दल आईच्या मनात शंका नव्हती. उशाशी कायम एकच पुस्तक असायचं, एलिनॉर एस्टेस यांचं ‘द हंड्रेड ड्रेसेस’. १९४४ सालची ही छोटीशी अमेरिकन कादंबरिका. एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात तिचा भाग बरीच वर्षं होता, त्यामुळे काहींना आठवेल. वांडा ही गरीब पोलिश घरातली मुलगी रोज तोच विटका निळा ड्रेस घालून येते आणि सांगते, माझ्याकडे शंभर ड्रेस आहेत. मग पेगी रोज तिला गाठून विचारते, “किती ड्रेस म्हणालीस?” बाकीच्या हसतात. पेगीची मैत्रीण मॅडी शेजारी गप्प उभी असते.

पहिल्या भेटींमध्ये सई फारशी बोलली नाही. शाळेचा विषय मीही काढला नाही. मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या परंपरेतले माझे सहकारी थेट मुलाच्या विचारांना हात घालतात. मी मात्र आधी गोष्टीत शिरते. शाळेबद्दल तोंड न उघडणारं मूल पुस्तकातल्या मुलीबद्दल भरभरून बोलतं, हे मी वारंवार पाहिलंय.

“वांडाचं फार वाईट वाटतं का गं तुला?”

“वांडाचं? नाही एवढं.” खांदे उडवून म्हणाली, “ती शेवटी जातेच ना गाव सोडून.”

“मग परत परत कुणासाठी वाचतेस?”

“मॅडीसाठी.” आणि मी काही विचारायच्या आतच, जरा चिडून, “तिनं चिठ्ठी फाडली ते बरोबरच केलं!”

पुस्तकात मॅडी एकदा पेगीला चिठ्ठी लिहायला घेते, वांडाला चिडवणं थांबवू या म्हणून. पण मग पुढचं डोळ्यांसमोर येतं आणि ती चिठ्ठी फाडून टाकते. बहुतेक मोठी माणसं हा प्रसंग भराभर वाचून पुढे जातात.

“बरोबर का?”

“दिली असती तर उद्या तिलाच विचारलं असतं, तुझा हा ड्रेस कुणाचा? तो पेगीचाच जुना असतो ना.”

मी गप्प राहिले. सई बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली. मग म्हणाली, “ताई, आमच्या घरी अहिराणी बोलतात. वर्गात कुणालाच माहीत नाही.”

त्या एका वाक्यानं सगळं उलगडलं. वर्गात नागपूरकडची एक नवी मुलगी आली होती. तिच्या तोंडून “करून राहिली” ऐकायला मिळावं म्हणून मधल्या सुट्टीत तिला रोज मुद्दाम काहीतरी विचारायचे. विचारणारी होती सईची जिवलग मैत्रीण. सई शेजारी उभी राहून हसायची आणि घरी येऊन डबा टाकायची. आई समजत होती तसा सईचा छळ होतच नव्हता. तिचं पोट दुखत होतं ते उद्या आपलाच नंबर लागेल या भीतीनं, आणि आपण हसलो याच्या टोचणीनं.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, पुस्तकं बंद करू नका. “यातून काय शिकलास?” हेही विचारू नका, त्याचं उत्तर मुलांना पाठ असतं. “यातलं कोण तुला नीट कळतं?” असं विचारा आणि मग थांबा. माझ्याकडे हा प्रश्न क्वचितच वाया गेलाय. उत्तर दर वेळी छळ सोसणाऱ्याचंच नाव नसतं. जुडी ब्लूम यांच्या १९७४ च्या ‘ब्लबर’मध्ये तर गोष्ट सांगणारी मुलगीच त्रास देणाऱ्या टोळीत असते. असलं पुस्तक मुलाच्या हाती नको म्हणणारे पालक अमेरिकेतही पुष्कळ निघाले. मला मात्र ते फार प्रामाणिक वाटतं.

मुलाकडून शौर्याची अपेक्षाही धरू नका. सईनं मैत्रिणीला सुनावलं वगैरे नाही. आम्ही दोघींनी तिला झेपेल एवढंच ठरवलं. प्रश्नांचा खेळ सुरू झाला की हसायचं नाही आणि नव्या मुलीला म्हणायचं, “चल, डबा खाऊ.” हे जमायलाही काही आठवडे गेले. मैत्रीण दुरावली, त्याचं सईला वाईट वाटलं. ते मी वाटू दिलं.

आणि तुमच्या मुलाचा खरोखरच छळ होत असेल, तर पुस्तक हा त्यावरचा उपाय नव्हे. आर. जे. पलासिओ यांच्या ‘वंडर’च्या शेवटी चेहऱ्याच्या वेगळेपणामुळे शाळेत छळ सोसलेल्या नायकासाठी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं. ज्याला उद्या त्याच बाकावर बसायचंय, त्याला तो शेवट एकट्यानं वाचायला देऊ नका, “आपल्यासाठी का नाही कुणी उठत?” असं त्याला वाटू शकतं. आधी वर्गशिक्षकांना भेटा, मुख्याध्यापकांना लेखी द्या, व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसू नका, गरज पडली तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा. पुस्तक नंतर, दोघांनी मिळून वाचा.