नळ ठिबकतोय? आधी टाकीचा कॉक बंद कर

अरे, लगेच नवा नळ आणायला धावू नकोस. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला कित्येक लिटर पाणी जातं, आणि वैशाखात विहिरीने तळ गाठला की ते डोळ्यांत भरतं. पण दोष बहुधा एवढ्याशा रबरी वॉशरचा असतो.

टाकीचा कॉक बंद करून पाईपातलं पाणी जाऊ दे. मी पहिल्यांदा हेच विसरलो. न्हाणीत कपड्यांसकट अंघोळ झाली नि पडवीतून आई हसत होती. मोरीवर फडकं टाक, नाहीतर स्क्रू गेलाच.

मूठ काढून पान्याने वरचा भाग डावीकडे फिरव. आपल्याकडे खाऱ्या हवेने आटे धरतात. आडदांडपणा केलास तर भिंतीतला पाईपच फिरेल, मग बस जांभा फोडत. थोडं खोबरेल सोड, अर्धा तास थांब, एका हाताने नळ घट्ट धर आणि मग पाना चालव.

निघालेल्या भागाच्या खालच्या टोकाला वॉशर असतो. त्या जुन्या वॉशरवर गोल चर पडलेला दिसेल. तोच दुकानात ने. नुसतं 'अर्धा इंची' म्हणून मागू नकोस, जाडी वेगळी निघते. बसवण्याआधी नळाच्या आतल्या बैठकीवरून, म्हणजे वॉशर जिथे टेकतो त्या कडेवरून, बोट फिरव. तिथे क्षार किंवा खाच राहिली तर नवा वॉशरही गळणार.

मुठीखालून पाणी झिरपत असेल तर ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीचा नट, जरा आवळून बघ. आणि पाव फेऱ्यात उघडणारा नळ असेल तर त्यात वॉशर शोधू नकोस, सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सिरॅमिकच्या चकत्या असलेला आतला जोडभाग, असतं. ते अख्खंच बदलायचं.