पुढचा क्षण आधीच ठरलेला असतो का?

प्रश्न : छापा की काटा हे निव्वळ नशिबावर असतं ना?

नाही. नाण्याला किती जोर लागला, ते किती वेगानं गिरक्या घेतंय, हे अचूक मोजता आलं तर निकाल आधीच सांगता येईल. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाचं गणित पुन्हा चालवताना छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा संगणकात भरला. आतला मूळ आकडा ०.५०६१२७ होता. एवढ्याशा फरकानं पुढचं सगळं हवामान बदलून गेलं, आणि तरीही समीकरणांत नशिबाला कुठेच जागा नव्हती. ‘सांगता येत नाही’ आणि ‘ठरलेलं नाही’ यांची गल्लत करू नका. या विषयातला निम्मा घोळ तिथेच होतो.

प्रश्न : मग खरी यदृच्छा, म्हणजे आधी न ठरलेलं घडणं, कुठे भेटते?

अणुकेंद्रात. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी आयोडीनचा अर्धायुष्यकाल साधारण ८ दिवस. अब्जावधी अणू असतील तर तेवढ्या काळात निम्म्यांचा क्षय होणार, हे छातीठोकपणे सांगता येतं. पण त्यातला एकच अणू समोर धरा. तो पुढच्या सेकंदाला जाईल की महिनाभर राहील? पत्ता नाही. आठ दिवस टिकला म्हणून तो म्हाताराही होत नाही. पुढचे आठ दिवस टिकण्याची शक्यता पुन्हा निम्मीच. शेजारच्या अणूत आणि त्याच्यात काडीचा फरक सापडत नाही, तरी एक जातो, दुसरा राहतो. इतकी वर्षं शिकवूनही मी इथे थबकतो.

प्रश्न : आत एखादं कारण लपलेलं असेल तर?

आइन्स्टाइन यांनाही क्वांटम सिद्धांत, म्हणजे अणूंच्या जगाचं हे शक्यतांचं गणित, अपुराच वाटे. १९६४मध्ये जॉन बेल यांनी हे तपासण्याची वाट दाखवली. एकत्र जन्मलेले दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, दोन दिशांना पाठवायचे आणि दोन्हीकडचे ध्रुवक (ठरावीक दिशेनं कंपणाराच प्रकाश पुढे सोडणारे गाळणे) वेगवेगळ्या कोनांत फिरवून कोणता फोटॉन पार होतो ते मोजायचं. फोटॉन आपापलं उत्तर बरोबर घेऊनच निघाले असतील आणि वाटेत एकमेकांना काही कळवत नसतील, तर त्यांच्या उत्तरांच्या जुळणीला एक मर्यादा पडते. प्रयोगांत ती ओलांडली जाते. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. याच कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२चं नोबेल मिळालं.

प्रश्न : म्हणजे नियतिवाद, सगळं आधीच ठरलेलं असतं हे मत, संपला?

संपला नाही, महाग झाला. भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांच्या १९५२च्या मांडणीत प्रत्येक कणाचा मार्ग ठरलेलाच असतो. मात्र दूरच्या कणाचा प्रभाव तत्क्षणी मानावा लागतो. भाकितं तीच येतात, त्यामुळे प्रयोग निवाडा करत नाही. माझा कौल यदृच्छेला आहे. बोम यांच्या गणितातही कणाची नेमकी सुरुवातीची जागा कुणालाच कळू शकत नाही, आणि जे कारण कधीच हाती लागणार नाही, त्याच्या भरवशावर सगळं विश्व ठरलेलं म्हणायला माझं मन धजत नाही.