एक फांदी मिळेल का?

पावसाळ्याच्या तोंडावर या सदराकडे येणारे बरेचसे प्रश्न झाडांचे नसतात, शेजाऱ्यांचे असतात. कुणाकडून काय मागावं, किती मागावं, न मागता घेतलं तर काय बिघडतं, अशा काही प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, असं सासूबाई म्हणतात. खरं आहे का? (ठाणे)

खरं एवढंच, की मनी प्लांट कसाही आणला तरी लागतो. त्याच्या पेरापेरावर हवेतल्या मुळाची गाठ आधीच तयार असते. एक पेर आणि एक पान असलेला बोटभर तुकडा पाण्याच्या बाटलीत ठेवला, तर दोन-तीन आठवड्यांत मुळं सुटतात. चोरून आणलेला जगला की त्याची गोष्ट होते, मागून आणलेला जगला तर कुणी सांगत बसत नाही. मात्र पेर सोडून नुसतं पान खुडलं, तर ते पाण्यात कितीतरी दिवस हिरवं राहतं, कधी मुळंही फोडतं, पण त्याचा वेल होत नाही. नवा कोंब पेरावरच्या डोळ्यातून येतो. इकडेतिकडे बघत घाईने खुडणाऱ्याच्या हाती नेमकं असं पान लागतं.

बाकीच्या झाडांचं तर विचारूच नका. चोरताना हाताशी येतो तो कोवळा शेंडा किंवा फुलावर असलेली फांदी, आणि छाटकलमासाठी (कापलेली काडी लावून नवं रोप करण्यासाठी) या दोन्ही वाईट. हाताने ओढल्यामुळे मूळ झाडाच्या सालीची पट्टीही सोलून निघते आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. सासूबाईंचं मन राखायचं असेल, तर मालकिणीला आधी सांगून मग ‘चोरा’.

सोसायटीतल्या एका काकूंकडे डबल पाकळीची जास्वंद आहे. एक फांदी मागायची आहे. किती मोठी मागावी? (नाशिक)

एक नको, तीन मागा, आणि तीन का तेही सांगा. घरगुती छाटकलमात सगळ्या काड्या लागत नाहीत. एकच आणली आणि ती वाळली, तर पुन्हा दार वाजवावं लागतं, आणि ते दोघांनाही अवघड होतं. झाड कमरेएवढं असेल तर तीन काड्यांनी त्याला काही होत नाही. त्याहून लहान असेल, नुकतंच कुंडी बदललेलं असेल किंवा कळ्यांनी भरलेलं असेल, तर थांबा. जून-जुलैत काकू झाड छाटणार असतील तर सगळ्यात उत्तम, कारण तुम्हाला हवी ती काडी त्यांच्या कचऱ्यात जाणार असते.

कापायचं त्यांना सांगा, किंवा त्यांच्यासमोर कापा. सिकेटर स्वतःचं न्या आणि पाती स्पिरिटने पुसून न्या. काडी पेन्सिलीच्या जाडीची, ना अगदी हिरवी ना पूर्ण तपकिरी, १५ ते २० सेंटिमीटर लांब, तीन-चार डोळ्यांची. झाडावरचा काप एखाद्या डोळ्याच्या लगेच वर घ्या. डोळ्यापासून दूर कापून खुंटी ठेवली की ती वाळते, आणि वाळणं तिथेच थांबेल याची खात्री नसते. काडीचा खालचा काप मात्र पेराच्या लगेच खाली, तिरका.

ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून घरी आणा आणि त्याच दिवशी लावा. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची पानं आणि सगळ्या कळ्या काढा. निम्मी जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात दोन डोळे खाली जातील इतकी खोचा. रूटिंग हार्मोनची पावडर असली तर टोक त्यात बुडवा, नसली तरी साध्या जास्वंदीचं अडत नाही. वरून अर्धी कापलेली पाण्याची बाटली उपडी घाला आणि कुंडी सावलीत ठेवा. मुळं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. इथे हमखास चूक होते. दहा-बारा दिवसांत पालवी फुटते, माणूस खूश होऊन कुंडी उन्हात नेतो आणि काडी मान टाकते. ती पालवी काडीत साठलेल्या अन्नावर आलेली असते, खाली अजून मुळं नसतात. उपटून पाहण्याचा मोह टाळा. कुंडीच्या तळच्या भोकातून मूळ डोकावेपर्यंत थांबा.

नवं रोप तीन आठवडे तुमच्या इतर झाडांपासून लांब ठेवा. जास्वंदीबरोबर पिठ्या ढेकूण फुकट मिळतो. पानाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने पुसा आणि काकूंनाही कळवा. तक्रार म्हणून नव्हे, त्यांच्या झाडावरही तो असणार म्हणून. तिन्ही काड्या लागल्या तर एक रोप त्यांना परत द्या. मूळ झाड कधी गेलंच, तर त्यांच्याकडे त्याच जातीचं दुसरं असेल.

काकूंची जास्वंद नर्सरीतून आणलेली, थाळीएवढ्या फुलाची, दोन-तीन रंगांची संकरित असेल, तर काडी लागण्याची आशा कमी ठेवा. अशी बरीच झाडं साध्या लाल जास्वंदीच्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या भागावर, कलम केलेली असतात. अशा वेळी नर्सरीचं नाव मागावं, फांदी नको.

गावी शेजाऱ्यांच्या बागेत हापूसचं एक झाड फार गोड फळ देतं. त्याची कोय लावू की कलमकाडी मागू? (पनवेल, गाव राजापूर तालुक्यात)

कोय लावून तो हापूस मिळणार नाही. हापूसच्या कोयीतून एकच रोप येतं, तेही परागीकरणातून तयार झालेलं. ते आईसारखं निघेलच असं नाही, रायवळ म्हणूनच वाढतं. ती कोय खुंटासाठी वापरा आणि वरचा भाग त्या झाडाचा घ्या.

कलमकाडी मागण्यात एक गोष्ट लोक विसरतात: झाडाजवळ दोनदा जावं लागतं. काडी तीन-चार महिने वयाच्या, न मोहरलेल्या शेंड्याची हवी. कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी त्या शेंड्याची पानं देठ ठेवून कापायची. मधल्या काळात देठ गळतात आणि शेंड्याचा डोळा फुगतो. तो फुगलेला पण न उघडलेला असतानाच काडी घ्यायची. पहिल्याच फेरीत पानांसकट तोडून आणलेली काडी बांधली तर डोळा जागा व्हायच्या आधी काडी वाळण्याची भीती असते. म्हणून परवानगी मागतानाच दोन्ही फेऱ्यांचे दिवस ठरवा. पानं कापलेले शेंडे बघून बागेचा राखणदार अस्वस्थ होतो, त्यालाही सांगून ठेवा.

मागायची वेळ मे महिन्यातली, फळ झाडावर असताना. तेव्हाच विचारता येतं की हे झाड दरवर्षी लागतं की वर्षाआड, फळात साका (गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग) किती निघतो. गोडी एका पेटीत कळते, या दोन गोष्टी मालकालाच माहीत असतात. कलम बांधायचं जुलै-ऑगस्टमध्ये, हवा दमट असताना. कोय रुजून दहा-पंधरा दिवसांची, पानं तांबूस असलेली रोपं त्या वेळी तयार हवीत. खुंट कोयीपासून पाच-सात सेंटिमीटरवर कापून मधोमध चीर द्यायची, काडीला तीन-चार सेंटिमीटरची पाचर करून ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. खुंट आणि काडीची जाडी सारखी हवी. नाहीतर निदान एका बाजूची साल सालीला मिळाली पाहिजे.

दहा काड्या मागितल्या तर त्या एका फांदीच्या नकोत, झाडाभोवती फिरून घ्या. हापूसचा मोहोर शेंड्यावर येतो. कापलेल्या जागी उशिरा आलेली पालवी हंगामापर्यंत पक्व झाली नाही तर तिथे मोहोर धरत नाही. म्हणजे मालक तुम्हाला नुसती काडी देत नाही, पुढच्या वर्षीचे काही आंबे देतो. त्या हिशोबाने मागावं. बदल्यात काय द्यावं, असा संकोच असेल तर त्यांच्यासाठीही चार कलमं बांधून द्या.

रस्त्यालगतच्या कुंपणावर गोकर्णाच्या शेंगा वाळून लटकतात. मालकाला त्यांचा उपयोग नसतोच. घ्यायला हरकत काय? (अमरावती)

उपयोग नसतो हे तुम्ही ठरवलंत. बेल वाजवून विचारा. गोकर्णाच्या दोन शेंगांना नाही म्हणणारा माणूस आम्हाला माहीत नाही. शेंग पूर्ण तपकिरी, हलवली की खुळखुळणारी घ्या. हिरवट शेंगेतलं बी सुरकुततं. पेरण्याआधी बी रात्रभर पाण्यात भिजवा. अबोलीची बोंडं मागितलीत तर ती कोरड्या कागदी पाकिटात न्या. ओल लागली की ती तडतडून फुटतात आणि बी खिशाबाहेर जातं.

शेतात मात्र हे अजिबात चालणार नाही. वेलावर वाळत ठेवलेला एखादाच जाड दोडका किंवा भोपळा हा विसरलेला नसतो, बियाण्यासाठी राखलेला असतो, आणि बहुधा पहिल्या बहारातला सगळ्यात चांगला असतो. तो नेला तर त्या घरचं पुढच्या वर्षीचं वाण गेलं. विचारलंत तर शेतकरी ओंजळभर बी आनंदाने देईल. बियाणं राखण्याचा, वाटण्याचा, देवघेवीचा हक्क त्याला २००१च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ नेच दिलेला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकणं तेवढं त्याला मना आहे.

गणपतीत पहाटे आमच्या कंपाउंडमधली फुलं आणि दुर्वा लोक तोडून नेतात. ‘देवासाठी घेतलं, ती चोरी नव्हे’ असं उत्तर मिळतं. (पुणे)

देवाला या वादात न ओढता कायद्यापुरतं बोलू. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या आहे. जमिनीला जोडलेली वस्तू जोडलेली असेपर्यंत चोरीचा विषय होत नाही, पण जमिनीपासून वेगळी केली की त्या क्षणापासून होऊ शकते. म्हणजे फूल झाडावर असताना नाही, टोपलीत पडल्यावर हो. यावरून पोलिसात जावं असं कुणी म्हणणार नाही. दारावर ‘सात वाजता विचारून घ्या’ अशी पाटी लावा आणि दुर्वांसाठी कुंपणाबाहेर एक वाफा सोडा. कळ्या तोडू नयेत हेही पाटीवर लिहा, कारण पहाटे अंधारात कळी आणि फूल एकाच मापाने खुडलं जातं.

कास पठारावरून एखादं रोप आणून कुंडीत जगेल का? (सातारा)

नाही, आणि आणूही नका. ते राखीव वन आहे, शिवाय २०१२ पासून जागतिक वारशात आहे. जांभ्यावरच्या बोटभर मातीत, पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपं वाढतात. ती मातीत कमी पडणारं पोषण किडे पकडून मिळवतात. खत घातलेल्या कुंडीत ती तग धरत नाहीत.

अमेरिकेत मुलीकडे कढीपत्त्याचं रोप न्यायचं आहे. बी नेलं तर? (सोलापूर)

रोप, ताजी पानं आणि बी, तिन्ही घरी ठेवा. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग रोग पसरवणारी सिला कीड त्यावर राहते, म्हणून तिथे या झाडाबाबत कडक बंदी आहे. मुलीने तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून रोप घ्यावं. इतर फुलझाडांचं थोडं बी न्यायचं असेल तर तिला तिथल्या कृषी खात्याचा ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’ परवाना आधी काढावा लागेल. एका जातीच्या पाकिटात जास्तीत जास्त ५० बिया किंवा १० ग्रॅम, आणि विमानतळावर ते जाहीर करायचं.

माझ्याकडे गुलाब आणि मोगरा चांगला येतो. मागणारे थांबत नाहीत. नाही कसं म्हणावं? (कोल्हापूर)

नाही म्हणू नका, तारीख द्या. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये होते, तेव्हा निघालेल्या काड्या बादलीत ठेवा आणि त्याच दिवशी बोलवा. एक गोष्ट मात्र आधीच सांगा: तुमचा गुलाब डोळा भरलेला, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा बसवून केलेला, असेल तर त्याची काडी लागली तरी तुमच्या झाडाइतकी जोमदार होणार नाही, कारण जोर खालच्या खुंटाचा असतो. डोळ्याच्या खालून निघालेला फुटवा मागणाऱ्याला तर देऊच नका. त्यावर तुमचं फूल येणार नाही आणि नाव तुमचं खराब होईल.

मोगऱ्यासाठी कापाकापी नको. जूनमध्ये जमिनीलगतची एक फांदी वाकवून, तिच्या एका पेराची साल जराशी खरवडून ती बाजूच्या कुंडीतल्या मातीत दाबा आणि वर दगड ठेवा. दीड-दोन महिन्यांनी मुळं धरली की मधून कापा. कुंडी मागणाऱ्यालाच आणायला सांगा, आणि रिकामी नको, पोयटा माती भरून आणायला सांगा.