डाव चौथ्या हिश्श्यावर आणले, रक्कम चौपट केली. मग वाचलं काय?

प्रश्न (थोडक्यात): गेल्या हंगामात घोड्यांच्या शर्यतींवर मी २४० डाव लावले. सगळे सिंगल, विनचे (एकाच घोड्यावर, तो पहिला येईल असे), प्रत्येकी एक युनिट (म्हणजे माझी ठरलेली एक रक्कम). ६८ जिंकले, परत आले २०६ युनिट. यंदा नीट निवडून फक्त ६० डाव लावायचे आणि प्रत्येकी चार युनिट, असं ठरवलंय. त्यासाठी आणीबाणीसाठी ठेवलेल्या निधीतून ४० युनिट बाजूला काढणार आहे. म्हणजे घरखर्चाचे साधारण सहा महिने. बायकोशी अजून बोललो नाही. निर्णय बरोबर आहे का?

उत्तर: तुम्ही वही ठेवलीत आणि तोट्याचे आकडे न झाकता पाठवलेत, त्यामुळे बोलणं सोपं झालं. निवडून खेळायचा विचार चांगला आहे. बाकीची योजना मात्र मला पटत नाही.

आधी गेल्या वर्षाचा हिशेब बघू. २४० लावले, २०६ आले, ३४ गेले, म्हणजे चौदा टक्के. तुम्ही याला 'नशीब खराब' म्हटलंय. मला त्यात नशिबापेक्षा भावाचं गणित जास्त दिसतं. समजा पाच घोड्यांची शर्यत आहे आणि बुकीचे भाव ६-४, २-१, ४-१, ९-१, ९-१ असे आहेत. ६-४ म्हणजे चार लावून जिंकलात तर सहा नफा, म्हणून शक्यता दहात चार. तशी प्रत्येक भावातून निघणारी शक्यता टक्क्यांत मांडा: ४०, ३३.३, २०, १०, १०. बेरीज येते ११३.३, आणि शंभराच्या वरचं जे आहे ते बुकीचं. सगळे घोडे भावाच्या प्रमाणात घेतलेत तर लावलेल्या दर शंभरातले जवळपास बारा जातात. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, हीच कपात पूलमधून आधीच होते. हाँगकाँगला विनच्या पूलवर ती १७.५ टक्के आहे. तुमचे चौदा टक्के याच पट्ट्यात बसतात. म्हणजे तुमची निवड बाजारापेक्षा वाईट नव्हती, पण सरसही नव्हती.

आता नवी योजना. ६० गुणिले चार, पुन्हा २४०. ही कपात डावांच्या संख्येवर लागत नाही, एकूण लावलेल्या रकमेवर लागते. निवड आहे तशीच राहिली तर यंदाही ३४ च्या आसपासच जातील, फक्त कमी दिवसांत आणि मोठ्या हिसक्यांनी. तेच ६० डाव एकेक युनिटचे ठेवलेत तर अपेक्षित तोटा साडेआठ. निवडक खेळण्याचा खात्रीचा फायदा एवढाच, आणि रक्कम चौपट करून तुम्ही नेमका तोच घालवताय.

हिसके किती मोठे, तेही पाहा. तुमचं जिंकण्याचं प्रमाण २८ टक्के. या प्रमाणात ६० डावांमध्ये सलग दहा हरण्याची वेळ एकदा तरी येण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या वर जाते. चार युनिटचे दहा डाव म्हणजे ४० युनिट. ही रांग सुरुवातीलाच लागली तर घराचे सहा महिने संपले. आणीबाणीच्या निधीला हात लावू नका, यावर माझ्याकडे दुसरी बाजू नाही. बायकोला सांगायला जड जातंय, याचा अर्थ रक्कम किती जड आहे हे तुम्हालाही कळतंय.

मग निवड म्हणजे काय? 'हा घोडा जिंकेल' असं वाटणं म्हणजे निवड नव्हे. जिंकेल असं फेव्हरिटबद्दल, म्हणजे ज्याच्यावर सर्वात जास्त पैसे लागतात त्या घोड्याबद्दल, सगळ्यांनाच वाटतं, म्हणून तर त्याचा भाव कमी असतो. भाव पाहण्याआधी त्या घोड्याची शक्यता टक्क्यांत लिहा. ४-१ भावाच्या घोड्याला तुम्ही २२ टक्के दिलेत तर लावण्यात अर्थ आहे, २० दिलेत तर अजिबात नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेच्या जॉन केली यांनी, किती रक्कम लावावी यासाठी १९५६ मध्ये मांडलेलं सूत्र लावलं तर त्या २२ टक्क्यांवरसुद्धा डाव बसतो एकूण रकमेच्या अडीच टक्के. तुम्ही लावणार होतात ४० पैकी चार, म्हणजे दहा टक्के! शिवाय अंदाज दोन टक्क्यांनी चुकला, २२ चे खरे २० निघाले, की भावावरची तुमची बढत शून्य होते, म्हणून जाणकार अडीचचेही निम्मे करतात.

सोडून द्यायच्या शर्यती ओळखणं त्यापेक्षा सोपं. पहिल्यांदाच पळणारे घोडे जास्त असतील, पावसाने मैदानाचा नूर बदलला असेल, किंवा तुम्हाला तीन घोडे सारखेच वाटत असतील, तर ती शर्यत नुसती बघा. मोठ्या भावाच्या घोड्यांचा मोह तर आवराच. त्यांच्यावर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात, हे अमेरिकेतल्या शर्यतींवरून १९४९ मध्येच दाखवलं गेलंय. आणि बाजाराला भोळा समजू नका. हाँगकाँगमध्ये संगणकाच्या मदतीने खेळून गब्बर झालेले बिल बेंटर यांनीही आपल्या अंदाजात लोकांनी ठरवलेला भाव मिसळला, तेव्हा त्यांचं मॉडेल सुधारलं.

तुमच्या वहीत एक गोष्ट मला खटकली. दिवसातल्या शेवटच्या शर्यतीसमोर बहुतेक वेळा १०-१ च्या वरचा घोडा आहे, आणि दोन ठिकाणी एकावर काट मारून दोन केलंय. (तुमच्या '२४०' मध्ये ही दोन जादा युनिट धरलेली नाहीत.) हे डाव घोडा पाहून नाही, दिवसाचा तोटा पाहून लावलेत. यंदा निवड करायचीच तर सुरुवात शेवटची शर्यत गाळण्यापासून करा. तेही जमत नसेल, तर विषय पैशाच्या नियोजनाचा उरत नाही. जुगाराच्या सवयीवर काम करणाऱ्या समुपदेशकाला भेटा, आणि लवकर भेटा.

मी सुचवतो ते असं: निधी आहे तिथेच राहू दे. करमणुकीच्या खर्चातून, बायकोला सांगून, वर्षाचे दहा युनिट काढा आणि ते गेलेच असं धरा. पहिले ५० डाव एकही पैसा न लावता फक्त वहीत खेळा. चार रकाने पुरेत: तुमची टक्केवारी, त्या वेळचा भाव, शर्यत सुटतानाचा भाव, निकाल. तुम्ही धरलेला भाव शर्यत सुटेपर्यंत बहुतेक वेळा खाली येत असेल, तर तुमच्या नजरेत काहीतरी आहे. तसं होत नसेल तर दहा युनिटचे पाच करा. पन्नास झाले की ती पानं मला पाठवा, काट मारलेल्या ओळींसकट.