ताप लपवणारे काका

प्रिय,

पुन्हा साथ आली आणि पेशंटला ताप असेल तर त्याला नाकारता येईल का, असं तू विचारलंस. घरी आजी आहे म्हणून धास्ती वाटते, हेही मोकळेपणी लिहिलंस. ते मला फार आवडलं.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही दातांच्या फक्त तातडीच्या केसेस बघत होतो. दात कोरायचा एअरोटर बंद, दातांवरचा थर काढायचा स्केलर बंद. त्यांच्या पाण्याच्या फवाऱ्यासोबत लाळ-रक्ताचे बारीक थेंब उडतात आणि आपला चेहरा पेशंटच्या तोंडापासून जेमतेम हातभर लांब असतो, हे तुला पाठ आहेच. तेव्हा एक शेतकरी काका आले. खालच्या दाढेपासून गळ्यापर्यंत सूज, कातडी ताणून चकाकणारी, तोंड बोटभरही उघडेना. ताप? नाही. खोकला? नाही. थर्मल गनवर आकडा आला १०२. काकांनी हात जोडले. "दोन दवाखान्यांत खरं सांगितलं मॅडम, दोन्हीकडून माघारी धाडलं."

ताप दाढेतल्या पुवाचा होता. पीपीई चढवून चिरा दिला, पू काढला. आणखी उशीर झाला असता तर त्या सुजेनं श्वास कोंडला असता.

काकांना खोटं बोलायला आपल्याच लोकांनी शिकवलं होतं. ताप सांगितला म्हणून ज्याला हाकललं, तो उद्या कावीळ सांगणार नाही, टीबी सांगणार नाही, एचआयव्ही तर नाहीच नाही. म्हणून हिस्ट्री घेताना शेजारच्या खुर्चीला ऐकू जाईल असं विचारू नकोस. आणि 'हो' म्हणणाऱ्यासाठी दोन ग्लोव्ह्ज, 'नाही' म्हणणाऱ्यासाठी एक, असलं काही करू नकोस. कुणाच्या रक्तात काय आहे हे बऱ्याचदा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. साथीत काय पुढे ढकलायचं ते जरूर ठरव. स्केलिंग थांबू शकतं, पू थांबत नाही.

परीक्षेच्या पेपरात संसर्ग टाळायचे नियम सगळे बरोबर लिहितात. मी हात बघते. ग्लोव्ह घातलेला हात तोंडातून निघतो, लाइटच्या हँडलवर जातो, तिथून चष्म्यावर. काल तुझाही गेला.

लपवतो आपणही. इंटर्नशिपमध्ये सुईला टोपण लावताना ती माझ्या बोटात घुसली. सीनियर ओरडतील म्हणून पट्टी गुंडाळून मी दोन दिवस गप्प बसले. डोळ्याला डोळा लागला नाही. तुला टोचली तर साबण-पाण्यानं धू, दाबून रक्त काढू नकोस आणि त्याच क्षणी मला सांग, मी ओरडणार नाही. एचआयव्ही टाळायची औषधं लागलीच तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं बरं. माझे ४८ तास नुसत्या भीतीत गेले होते.

हिपॅटायटिस बीचे ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस तू घेतलेस, पण टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघणारी रक्ततपासणी, केलेली दिसत नाही. १० किंवा त्याहून जास्त यायला हवं. सोमवारी रिपोर्ट घेऊन ये. आणि आजीसाठी एक कर, ॲप्रन घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस, वेगळा धू.

तुझी,
मॅडम